हरलेले पैसे आयकराला दिसत नाहीत



जुगार हराम आहे, हे इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. अडचण अशी की, हराम म्हटलं की बोलणंच बंद होतं. मुलगा हरलेलं लपवतो, जिंकलेलं लपवतो आणि कराची नोटीस आली तर तीही लपवतो. म्हणून आज कराबद्दलच बोलू.

एक मुलगा माझ्याकडे आला. पगार महिना १५ हजार. २०२४-२५ मध्ये रमीच्या एका अॅपवर वर्षभराच्या हिशेबाअखेर तो ६० हजार जिंकला. अॅपनं १८ हजार टीडीएस कापला. त्याच वर्षी क्रिकेटच्या सट्ट्यात त्यानं ८५ हजार घालवले. कुणीतरी सांगितलं, ‘तुझा पगार करपात्र नाही, रिटर्न भर, १८ हजार परत मिळतील.’ त्या भरवशावर त्यानं उसने पैसेही घेतले होते.

पण पूर्ण १८ हजार परत मिळतील, हा भरवसा चुकीचा होता. 

असं का? आपल्या देवनारच्या बाजारातला बकऱ्यांचा व्यापारी घ्या. ट्रकचं भाडं, चारा, वाटेत मेलेली जनावरं, सगळं वजा करून उरेल त्या नफ्यावर त्याला कर. तोटा झाला आणि रिटर्न वेळेत भरलं, तर तो तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो. जुगाऱ्याला यातलं काही नाही. लॉटरी, घोड्यांची शर्यत, पत्ते, सट्टा यांतल्या कमाईवर त्या वर्षी १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ११५ बीबी सरसकट ३० टक्के कर लावत होतं. ऑनलाइन खेळांसाठी २०२३ पासून ११५ बीबीजे आलं, दर तोच. अॅप फक्त स्वतःकडं भरलेले आणि काढलेले पैसे पाहतं. सट्ट्यात बुडालेले ८५ हजार कुठेच वजा होत नाहीत. करमुक्त मर्यादा या कमाईला लागू नाही. ती १२ लाखांची सवलत, जिच्या एवढ्या जाहिराती झाल्या, तीही नाही.

मटका तर बेकायदाच. तरी त्यातली कमाई करपात्र आहे. ‘हरामचे पैसे होते, गरिबाला देऊन टाकले,’ असं एकानं मला सांगितलं. दिले ते ठीक, पण कर राहतोच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी जिंकलेल्या पैशांवरचा कर त्यामुळं माफ झालेला नाही.

आणि एक. दोस्तीखातर स्वतःचं पॅन आणि बँक खातं दुसऱ्याला खेळायला दिलेली मुलं आपल्याच गल्ल्यांत आहेत. खेळला तो, पण टीडीएस नोंदला जातो तुमच्या नावावर. असा जिंकलेला पैसा आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये भरताही येत नाही.

आता मोबाईल काढा. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करा आणि एआयएस उघडा. ज्यांना आकडा ओळखीचा वाटत नाही, त्यांनी थांबा. आपण बसून पाहू.