घेवडेखाऊ

मेक्सिकोत रोजच्या जेवणात मक्याची भाकरी आणि घेवडा. घेवड्याला तिथे फ्रिहोल म्हणतात. अमेरिकेत मजुरीला गेलेल्या मेक्सिकन माणसाला त्यावरूनच हिणवतात, ‘घेवडेखाऊ’! गरिबाच्या ताटावरून शिवी द्यायची, ही रीत आपल्याला नवी नाही. मोलोटोव्ह नावाच्या चौघा गाणाऱ्यांनी २००३ मध्ये त्याच शिवीचं गाणं केलं, ‘फ्रिहोलेरो’. गंमत म्हणजे त्यांचा ड्रमवाला रँडी अमेरिकेचा, आणि सीमा ओलांडणाऱ्याची व्यथा स्पॅनिश कडव्यात गातो तोच.

हा गट १९९५ चा, मेक्सिको शहरातला. तेव्हा देशात सुमारे ७० वर्षं एकाच पक्षाची सत्ता होती. १९९७ च्या पहिल्याच अल्बममध्ये यांनी पुढारी आणि पोलीस दोघांनाही धारेवर धरलं. काही दुकानांनी तो ठेवायला नकार दिला, तर स्वतः रस्त्यावर उभं राहून विकला.

पण दुकानांचा राग त्याच्या वेष्टनावरही होता. अल्बमचं नाव ‘मुली कुठे खेळणार?’ आणि वर गणवेशातल्या शाळकरी मुलीचं नको तसं चित्र. तो राग मला पटतो. सत्तेला जाब विचारायला मुलीला उघडं पाडायची काय गरज होती?

‘फ्रिहोलेरो’ मात्र जरूर ऐका. शिव्या भरपूर आहेत, तेव्हा मुलं झोपल्यावर.