इंग्रजांची संगीत रंगभूमी आणि 'आपलेपणा'



संगीत रंगभूमी हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय. आज मात्र मी आपणांस इंग्रजांच्या संगीत रंगभूमीकडे नेणार आहे. कारण 'आपले' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला होता.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनच्या उच्चभ्रू समाजावर इटालियन ऑपेराची मोहिनी होती. १७२८ साली जॉन गे याने 'द बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आणला. त्यात देवदेवता नव्हत्या, राजेमहाराजे नव्हते. होते ते दरोडेखोर, चोरीचा माल घेणारे आणि तुरुंगाधिकारी. चालीही बहुतांशी लोकांच्या तोंडच्या. पहिल्याच मोसमात ६२ प्रयोग झाले. मौज अशी, की या अस्सल इंग्रजी नाटकाच्या संगीतरचनेचे श्रेय परंपरेने बर्लिनमध्ये जन्मलेल्या पेपुश यांना दिले जाते!

पुढे १८७८ साली गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या 'एच. एम. एस. पिनाफोर'मध्ये एका खलाशाची थोरवी गायिली गेली. थोरवी कोणती? तर तो इंग्रज आहे! जणू जन्मभूमी निवडणे हा त्याचाच पराक्रम. साम्राज्य ऐन भरात असताना केलेली ही स्वतःचीच थट्टा होती.

१८८५ च्या 'द मिकाडो'तील पोशाख जपानी, पण फटके इंग्लंडमधील अधिकारशाहीला. त्यातला पूह-बाह एकटाच अनेक पदे भूषवितो. आम्हां सरकारी नोकरांनी त्याला अवश्य भेटावे. तथापि १९०७ साली जपानी राजपुत्राच्या भेटीच्या वेळी या नाटकावर काही काळ बंदी आली. स्वतःला हसण्यासाठी दुसऱ्याचा चेहरा उसना घेतला, की त्या दुसऱ्याला काय वाटते, हा प्रश्न उरतोच.

'बेगर्स ऑपेरा'वरून १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्त व कुर्ट वाइल यांचे नाटक झाले आणि त्यावरून १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. लंडनचे चोर मराठी बोलू लागले आणि आपल्याला ते परके वाटले नाहीत.

आपल्या मुलांच्या मराठीत इथल्या भाषेचे सूर मिसळतात, याची आपल्याला चिंता वाटते. मलाही वाटते. पण हा इतिहास सांगतो, की मिसळण्याने स्वत्व जात नाही. गाणे थांबले की जाते. म्हणून विनंती एवढीच, की मंडळाच्या तालमींना मुलांना आणावे आणि उच्चार चुकले तरी त्यांना गाऊ द्यावे.