जाहीर अनुराग

दिवाळी सरली कीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीमुलखांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गांवोगांव जातात, मंडई-शंकरपटाच्या निमित्तानें मंडप पडतो, आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक उजाडेपर्यंत चालतें. थंडींत चादर पांघरून बसलेल्या त्या गर्दींत एखादा वयस्क शेतकरी असा असतो, कीं जो एका नटीसाठीं चार कोस तुडवून आलेला असतो. सकाळीं घरीं विचारलें, तर "नाटक बरें होतें" एवढेंच तो म्हणेल. नटीचें नांव त्याच्या तोंडून निघावयाचें नाहीं. आपल्याकडे कलावतीवरील अनुराग हा असा चोरटाच राहिला आहे. तरुणाचा असला तर तो उनाडपणा, आणि म्हाताऱ्याचा असला तर हसें!

हें हसें ज्यानें समजून-उमजून ओढवून घेतलें, तो मनुष्य झाडीमुलखांतला नव्हे. पण महाराष्ट्राच्याच मातींतला. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालीं पंढरपूर येथें झाला. ते तान्हे असतांनाच त्यांची आई झैनब वारली. पुढें मुंबईस येऊन सिनेमाचे प्रचंड फलक रंगविण्यावर त्यांनीं कित्येक वर्षें पोट भरलें. नटनटींचे चेहरे रंगविणें हा धंदा. स्वतःच्या चित्रांत मात्र ते स्त्रीला पुष्कळदां चेहराच देत नसत. आईचा चेहरा आठवत नाहीं, असें ते सांगत. लुगड्यांतील एक आकृति तेवढी त्यांच्या कुंचल्यांतून पुनःपुन्हा उतरत राहिली.

१९९४ सालीं 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट निघाला. माधुरी दीक्षित तेव्हां २७ वर्षांच्या, आणि हुसेन ७८ चे. तो चित्रपट आपण साठाहून अधिक वेळां पाहिला, असें हुसेनांनीं स्वतःच सांगितलें. तेवढ्यानें भागलें नाहीं. त्यांनीं आपला अनुराग चारचौघांत बोलून दाखविला, बाईंच्या चित्रांची एक मालिकाच रंगविली, आणि त्या चित्रांवर 'फिदा' अशी सही केली. शब्द त्यांच्या नांवांतलाच. पण त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाहीं.

येथें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जाहीर करणारा मोकळा होतो. पण जिच्याविषयीं जाहीर केलें, तिचें काय? तिनें तर हें मागितलें नव्हतें. यापुढें जो तो तिलाच विचारणार, आणि तिनें हंसून वेळ मारून न्यावयाची. कीर्तिमंत पुरुषानें केलेली अशी घोषणा ही कित्येकदां एक प्रकारची वसुलीच असते. हुसेनांच्या बाबतींत तसें झालें नाहीं, याचें श्रेय दोघांचेंहि आहे. त्यांनीं मागितलें तें काम, आणि बाईंनीं दिलें तेंहि कामच. २००० सालीं आलेला 'गजगामिनी' हा तो चित्रपट. बनारसची आंधळी गाणारी, शकुंतला, मोनालिसा अशीं नाना युगांतील रूपें माधुरीबाईंनीं त्यांत घेतलीं. चित्रपट चालला नाहीं. पुष्कळांस तो कळलाहि नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील कथेचा धागा हातीं लागणें कठीणच आहे. पण डोक्यावर गांठोडें घेऊन चालणारी ती स्त्री पडद्यावर आली, कीं लुगड्यांतील त्या बिनचेहऱ्याच्या आकृतीची आठवण होते. या वेळीं तिला चेहरा आहे.

तो चित्रपट निघण्यापूर्वींच, १९९९ सालीं, माधुरीबाई डॉ. श्रीराम नेने यांच्याशीं विवाहबद्ध होऊन अमेरिकेंतील संसाराला लागल्या होत्या. हुसेनांचेंहि मन एके ठिकाणीं बसून राहिलें असें नाहीं. २००४ सालीं त्यांनीं तब्बू यांना घेऊन 'मीनाक्षी' काढला. पुढें 'विवाह' पाहून अमृता राव यांचेंहि त्यांनीं तोंडभर कौतुक केलें. एकनिष्ठेचा पेपर तपासावयास बसलें, तर या गृहस्थांस पुरे गुण देणें अवघड आहे!

मात्र २००७ ची गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. चित्रांवरून झालेल्या खटल्यांमुळें व धमक्यांमुळें हुसेन २००६ पासून परदेशांतच राहूं लागले होते. पांच वर्षांच्या खंडानंतर माधुरीबाईंचा नवा चित्रपट आला, 'आजा नचले'. चित्रपट पडला, लोकांनीं पाठ फिरविली. दुबईंत मात्र ९२ वर्षांच्या एका वृद्धानें त्यासाठीं अख्खें चित्रपटगृह राखून ठेवलें होतें.

९ जून २०११ रोजीं हुसेन लंडन येथें वारले. माधुरीबाई त्याच वर्षीं, कांहीं महिन्यांनीं, यजमान व मुलांसह मुंबईस राहावयास परत आल्या.