घास, श्वास आणि कूस



अरुणा शानभाग हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं ते दयामरणाच्या वादामुळे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने पुढची जवळपास ४२ वर्षं ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालावर पुष्कळ लिहून आलं. पण त्या प्रकरणात रुग्णालयाने नोंदवलेल्या एका गोष्टीची चर्चा फार थोड्यांनी केली: इतक्या वर्षांत अरुणाला एकदाही शय्याव्रण झालं नव्हतं. २०१० मध्ये तापाने आजारी पडून नाकातून नळी घालावी लागली, तोपर्यंत ती तोंडाने जेवत होती. अन्न कुस्करून, वेळ देऊन, परिचारिका तिला भरवत. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, कूस बदलण्याचा क्रम मोडला नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली, न्यूमोनियाने.

तीव्र बहुविकलांगता असलेल्या माणसाला काय लागतं, याचा हा धडा परळमध्ये, कुठल्याही परदेशी यंत्राशिवाय घडला. अशा माणसाचं आयुष्य बऱ्याच अंशी शुश्रूषा करणाऱ्याच्या कसबावर तोललेलं असतं. आणि हे कसब शिकवता येतं. ते आईच्या मायेवर सोपवून वैद्यकाला मोकळं होता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत एकाहून अधिक अपंगत्वं असलेल्या २१ लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली. पण जनगणना तीव्रता मोजत नाही. ज्याला मान धरता येत नाही, बोलता येत नाही, ज्याला फिट्स येतात, ज्याची नजर अधू आहे, तोही त्याच रकान्यात. सेरेब्रल पाल्सीतल्या हालचालींसाठी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पाच पातळ्या ठरवल्या. आजचा विषय प्रामुख्याने पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र पातळीवरच्या माणसांचा आहे.

त्यांचे प्राण बहुतेक वेळा मूळ व्याधी घेत नाही. पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया घेतो, न आवरलेली फिट घेते, कधी साधं बद्धकोष्ठसुद्धा आतडं अडवून घेतं.

सुरुवात घासापासूनच करायला हवी. आपल्याकडे लहान मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवण्याची जुनी सवय आहे. गिळण्यावर ताबा नसलेल्या मुलासाठी ती धोक्याची, कारण मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि वरणभाताचा घास तिच्यात उतरू शकतो. मुलाला शक्य तितकं ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालच्या बाजूने आणायचा, एक घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यायचा. पाणी, चहा, ताक हे पातळ पदार्थ वेगाने घशात उतरतात, म्हणून अनेकांना तेच सर्वांत अवघड जातात. घट्टसर पेज सोपी जाते. जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगायला हवी: ठसका लागत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं नसतं. काही मुलांत अन्न फुप्फुसाकडे जात असतानाही खोकला येत नाही. जेवताना आवाज ओला होणं, छाती घरघरणं, वारंवार ताप येणं, वजन न वाढणं या खुणांवरून ते ओळखावं लागतं. एकेक जेवण तासभर चालत असेल आणि मूल तरीही खंगत असेल, तर पोटावरून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार वेळेत मांडायला हवा. ‘आता तोंडाने खायचंच नाही का?’ असं आई विचारते, तेव्हा तिला सविस्तर उत्तर मिळालं पाहिजे. बऱ्याच मुलांना चवीपुरतं तोंडानेही देता येतं.

दुसरा अडथळा दवाखान्यात भेटतो. मूल दोन दिवस किंचाळतंय, झोपत नाही, म्हणून पालक आणतात आणि ऐकतात, ‘अशा मुलांचं असंच असतं.’ त्या किंचाळण्यामागे किडलेली दाढ असू शकते, पित्ताची जळजळ, निखळलेला खुबा, कानातला पू किंवा आठवडाभर न झालेलं शौच असू शकतं. न बोलणाऱ्यांच्या वेदना मोजायच्या पद्धती आज उपलब्ध आहेत. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं यांना गुण देता येतात, आणि त्यात आईने सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणाही लिहिता येतात.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या २४७ मृत्यूंची चौकशी करून २०१३ मध्ये अहवाल दिला. इतर लोकसंख्येच्या तुलनेत असं अपंगत्व असलेले पुरुष सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्याचं त्यात आढळलं. निदानाला आणि उपचाराला झालेला उशीर हे त्यातलं ठळक कारण. इंग्लंडमध्ये ही स्थिती, तर गडचिरोलीहून नागपूर गाठणाऱ्या कुटुंबाची काय असेल, याचा विचार या सभागृहाने करावा.

उशीर टाळता येतो, याचा पुरावा स्वीडनमध्ये आहे. दक्षिण स्वीडनने १९९४ पासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या खुब्यांची ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी सुरू केली. आधी दहांतल्या जवळपास एका मुलाचा खुबा निखळत असे. पुढे ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. क्ष-किरण यंत्र महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातही असतं. उणीव आहे ती मुलांच्या नोंदवहीची आणि पुढच्या तारखेची.

शिक्षणात मुंबईने लवकर पाऊल उचललं. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, १९७७ मध्ये बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था उभी राहिली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची व्यवस्था केली, त्याच न्यासाच्या निरामय योजनेने एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण दिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३८ व्या कलमाने जास्त आधाराची गरज असलेल्यांना तो मागण्याचा हक्क दिला.

तरीही मूल अठरा वर्षांचं झालं की बालरोगतज्ज्ञांचं दार बंद होतं आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना हा रुग्ण नवखा असतो. तोवर आईचं वय वाढलेलं, कंबर गेलेली, आणि उचलायचं वजन चाळीस किलो. तिला कुणी उचलण्याची रीत शिकवलेली नसते. रुग्ण उचलायचं यंत्र फार थोड्या घरांत पोहोचतं. एसटी स्थानकावर मोठ्या माणसाचं डायपर बदलायला ओटा नसतो, म्हणून कुटुंबं प्रवास सोडून देतात.

आपल्या परिषदेने या वर्षी तीन कामं अंगावर घ्यावीत. भरवणं, उचलणं, कूस बदलणं आणि फिट आल्यावर काय करायचं, याचं मराठीतलं प्रशिक्षण आशा कार्यकर्त्या आणि पालकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी सुरू करावं. अठरा वर्षांनंतर रुग्ण कुणाकडे जाणार, त्या डॉक्टरांचं नाव त्याच्या सतराव्या वर्षीच केसपेपरवर लिहिलं जावं. आणि पुढच्या अधिवेशनाचं पहिलं सत्र तज्ज्ञांऐवजी पालकांना द्यावं. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आणि त्या दिवसापुरती घरी मुलाकडे बसणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची सोय आयोजकांनी करावी.