जनगणनेचे रकाने



भूगोलाच्या परीक्षेत आमच्या मुलांना प्रश्न येतो : स्थलांतराची कारणे लिहा. आम्ही स्वतःच त्याचे उत्तर आहोत. १९८१ पासून जनगणनेतही हे कारण विचारले जाऊ लागले. तेथे पुरुषांपुढे बहुधा ‘रोजगार’ लागतो, स्त्रियांपुढे ‘विवाह’. प्रत्येक प्रवाहाला उलट प्रवाह असतो, असा रॅव्हनस्टाइनने १८८५ मध्ये नियम मांडला. त्यानुसार निवृत्तीनंतर आमच्यापैकी काही जण गावी परततीलही. मुलांचे जन्मस्थान मात्र हेच शहर. तथापि जनगणनेत मातृभाषेचाही रकाना असतो. तेथे ‘मराठी’ हा शब्द त्यांनी केवळ सवयीने नव्हे, खरेपणाने सांगावा, एवढ्यासाठीच आम्ही पन्नास वर्षे हे मंडळ चालविले.