मैदानावरचा मोबाईल
चीनमधील विद्यापीठांत शारीरिक शिक्षण ऐच्छिक नाही. २००२ च्या सरकारी निर्देशांनुसार पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत, चार सत्रांत मिळून १४४ तास हा विषय घ्यावाच लागतो. शिवाय दरवर्षी शारीरिक क्षमतेची चाचणी होते. तीत ५० मीटर धावणे आणि जागेवरून लांब उडी सर्वांनाच असते. मुलांना १००० मीटर धावायचे असते, मुलींना ८०० मीटर. २०१४ च्या सुधारित मानकांप्रमाणे अखेरीस ५० पेक्षा कमी गुण पडले तर अभ्यासक्रम रीतसर उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. निदान नियम तरी तसा आहे.

एवढी सक्ती असली की मैदान भरते. पण भरलेले मैदान म्हणजे विद्यार्थ्यांचा सहभाग नव्हे. फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये विद्यार्थ्याच्या सहभागाचे तीन पदर मांडले: वर्तनाचा, भावनेचा आणि विचाराचा. हजेरीपटावर यांतला पहिलाच, तोही अर्धामुर्धा उमटतो.

चीनमधल्या अनेक विद्यापीठांनी धावण्याची नोंद ठेवणारी अ‍ॅप सक्तीची केली, तेव्हा हे उघड झाले. सत्रभरात ठरावीक किलोमीटर पुरे करायचे आणि फोनने त्याची साक्ष द्यायची, अशी ही व्यवस्था. विद्यार्थ्यांनी त्यावर लगेच तोड काढली: पैसे देऊन दुसऱ्याला पळायला लावायचे, एकाने अनेकांचे फोन घेऊन फेऱ्या मारायच्या, काहींनी तर सायकलवरून. तंत्रज्ञान होते, त्यामागे शिकवणे नव्हते.

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये शिक्षकांच्या डिजिटल साक्षरतेचे मानक ठरवले. त्यात जाणीव, तंत्राचे ज्ञान व कौशल्य, प्रत्यक्ष वापर, सामाजिक जबाबदारी आणि व्यावसायिक विकास असे पाच भाग आहेत. शारीरिक शिक्षणात खरी कसोटी तिसऱ्या भागाची. लांब उडी मारणाऱ्याचे हात उशिरा झुलतात, हे त्याला स्वतःला कळत नाही. शिक्षकाने फोनवर ती उडी टिपून, संथ करून, पुढच्या प्रयत्नाआधी दाखवली तर कळते. तास संपल्यावर दाखवली तर तेवढा उपयोग होत नाही. मात्र नवशिक्याला नुसते चित्रण दाखवून भागत नाही. नेमके कुठे पाहायचे हे सांगावे लागते, हा निष्कर्ष रॉथस्टाइन आणि अर्नोल्ड यांच्या १९७६ च्या आढाव्यातही आहे. म्हणजे इथे डिजिटल कौशल्य हे शिक्षकाच्या जुन्या नजरेवरच उभे राहते. खेळाचे नियम आणि तंत्र यांची माहिती व्हिडिओने आधीच पोहोचवली, तर मैदानावरचा वेळ हालचालीसाठी मोकळा होतो, हा दुसरा फायदा. पडद्यापुढे तास घालवणे हा त्याचा उलटा परिणाम, आणि तोही दिसतोच.

डिजिटल साधनांत कुशल असलेल्या शिक्षकाच्या वर्गात सहभाग अधिक असतो, असे सांगणारे बरेच अभ्यास विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर बेतलेले असतात. त्यांतून दोन गोष्टी बरोबरीने चालतात एवढे दिसते. एकीमुळे दुसरी घडते, हे सिद्ध होत नाही. म्हणून नुसत्या अशा अभ्यासांवर विसंबून न राहता शिक्षकांच्या प्रशिक्षणात नव्या अ‍ॅपची ओळख करून देण्यापेक्षा हालचालीतला दोष ओळखून तो तिथल्या तिथे दाखवण्याच्या सरावाला जास्त तास द्यावेत.