काम इथे, कचेरी तिथे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपले पूर्वज बडोद्यास आले ते बहुधा नोकरीसाठीच. कोणी पागेत, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गुणी माणसे हेरून आणली. अरविंद घोष १८९३ मध्ये विलायतेहून आले ते थेट बडोदे राज्याच्या नोकरीत. १८९० मध्ये कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तिथे शिकले. इथे काम होते, म्हणून माणसे येत.

आता गंगा उलटी वाहते. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात कितीतरी घरांत फक्त आजी-आजोबा उरले आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला. पगार मोठा, पण त्यातला बराचसा घरभाड्यात जातो. आणि इथे स्वतःच्या माडीला कुलूप.

२०२० च्या टाळेबंदीत हीच मुले लॅपटॉप घेऊन परतली आणि माडीवर बसून बंगळूरचे काम करू लागली. त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारने कॉल सेंटर, बीपीओ यांचे नियम सैल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांनाही निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून कामाची मुभा मिळाली. म्हणजे वाट आहे.

पण सगळीच कामे घरून होत नाहीत. आम्हा डिप्लोमावाल्यांना विचारा! साइटवर, वरिष्ठांच्या हाताखाली जे शिकलो, ते पडद्यावर शिकता आले नसते. म्हणून मुलांनी आधी तीन-चार वर्षे बाहेर जरूर काढावीत, हात बसवावा. मग मात्र घरून काम करू देणारी नोकरी मागायला लाजू नये.

आपल्याकडूनही काही हवे. सूनबाई घरी बसून काम करते म्हणजे ती रिकामी नव्हे. मीटिंगच्या मधे तिला चहा टाकायला सांगू नये. आणि मंडळाचा हॉल वर्षाचे बरेच दिवस बंदच असतो. तिथे चांगले इंटरनेट, इन्व्हर्टर, चार टेबले मांडली, तर ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची सोय होईल.

मुले इथे राहिली, तरच उद्या आरतीला मराठी आवाज उरतील. बाप्पाला आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. मुलांनाही तसे म्हणायचे असेल, तर आधी त्यांना बसायला जागा करू या.

गणपती बाप्पा मोरया!